गाडीपुढचा माणूस

मी बाबांच्या अगदी पाठीशी उभी राहिले आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं फरशीवर आपटलं. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "काय गं, काय पडलं?" बाबा खाली मान घालून बुटांना पॉलिश करत होते. हातातला ब्रश जरासुद्धा थांबला नाही.

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसले. "आत्ता तुमच्या मागे काय आपटलं मी?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "आपट, काय आपटायचं ते. मला वेळेत धक्क्यावर पोचायचंय."

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही. आणि तुम्ही इंजिनापुढे चालणार, त्याच्याकडे पाठ करून."

"जन्मभर पाठ करूनच चाललो."

"तेव्हा कान होते!"

"ओरडू नकोस," ते म्हणाले. मी ओरडतेय हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळायचं.

आमच्या रस्त्यातून आगगाडी जायची. कडेनं नाही, चक्क मधोमध, दुकानांच्या पायऱ्यांना घासायची तेवढी बाकी. लांबून आलेल्या गाडीचे दोन-तीन डबे स्टेशनात सोडवायचे, त्यांना छोटं इंजिन जोडायचं आणि पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बोटीचे उतारू थेट धक्क्यावर नेऊन उतरवायचे. गाडी एवढी रमतगमत जायची, की उतारू खिडकीतून हात काढून टोपी घ्यायचे, डोक्यावर घालून बघायचे आणि पसंत नसली तर पुढच्या दुकानदाराकडे परत द्यायचे. या सगळ्याच्या पुढे, रुळांच्या मधून, आमचे बाबा. एका हातात पितळी घंटा, दुसऱ्या हातात लाल झेंडी. मोटार आडवी लावलेली असली तर टपावर टकटक करायची, मालकाला दुकानातून ओढून आणायचं. सगळा रस्ता त्यांना घंटाकाका म्हणायचा.

या कामाचा एकच नियम होता आणि तो जिवाचा होता. पुढे चालणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं की ड्रायव्हरनं ब्रेक मारायचा. घंटेचा गोंगाट, रस्त्याचा गोंगाट, त्यात हाक कोण ऐकणार? म्हणून ही खूण. त्यामुळे बाबा उगाच मान वळवायचे नाहीत ते नाहीतच. घरीसुद्धा मागून हाक मारली की अख्खे फिरायचे.

मग बेटाला जाणारा पूल झाला. बोटी बंद, म्हणून गाडी बंद. रूळ तेवढे डांबरात राहिले, सायकलवाल्यांना पाडायला. बाबांना एका बंद गोदामावर पहारेकरी म्हणून बसवलं. तिथे दिवसभर चिटपाखरू फिरकायचं नाही. त्यांचे कान तिथेच गेले असं माझं मत आहे, वापरच नव्हता ना! पण गेलेत हे कबूल करतील तर शपथ. चारचौघांत ते एक युक्ती करायचे, स्वतःच अखंड बोलत राहायचे. समोरच्याला तोंड उघडायला मिळालं नाही की आपल्याला ऐकायचा प्रश्नच येत नाही.

बंदराच्या ऑफिसातले साहेब माझ्या दुकानात आले तेव्हाही बाबांनी हेच केलं. मी कपड्यांच्या दुरुस्तीचं दुकान चालवते, त्याच रस्त्यावर. साहेब म्हणाले, रस्ता खोदून रूळ काढणार आहेत. पण ते जुनं इंजिन आणि दोन डबे धक्क्यावरच्या शेडमध्ये अडकलेत. एका संग्रहालयाला ते हवेत. बेकरीच्या वळणावरून ट्रेलर वळत नाही, तेव्हा रूळ आहेत तोवर रुळांवरूनच स्टेशनापर्यंत बाहेर काढायचे. एकदाच. पुढे चालायला माहीतगार माणूस पाहिजे, आणि जुन्यांपैकी आता हेच उरलेत. बाबांनी साहेबांचे ओठ वाचले, खुर्चीवरून उठले आणि पुढचा अर्धा तास साहेबांना बोलू दिलं नाही.

त्या दिवसापासून ते माणसात आले होते, हे मला दिसत होतं. दाढी रोज. जेवण पोटभर. झेंडीला नवी काठी. माझ्याकडून शर्टाची कॉलर उलटवून घेतली. आणि मी रोज रात्री आढ्याकडे बघत पडायची. इंजिनाचा ब्रेक लागला नाही तर? ड्रायव्हरनं हॉर्न मारला आणि यांना कळलंच नाही तर? माझा एकुलता एक बाप माझ्या दुकानासमोर चिरडला जाताना मला दिसायचा.

"मी साहेबांना सांगते," पातेलं आपटलं त्या सकाळी मी शेवटी म्हणाले.

बाबांनी बूट खाली ठेवला. "सांग. पण मग मी या घरातून बाहेर पडणार नाही. दुकानात येऊन बसणार नाही. कुणाला तोंड दाखवणार नाही. बघ मग."

"धमकी देताय?"

"अगं, गाडी मागे असली की रस्ता हलतो. पायांना कळतं मला. कान कशाला लागतात?" असं म्हणून त्यांनी बूट घातले आणि नाडी दोनदा बांधली.

धक्क्यावर ही गर्दी. इंजिन धुऊन पुसून उभं होतं, डब्यांच्या काचा मात्र मळकटच. ड्रायव्हर परगावचा होता, पन्नाशीचा, गंभीर चेहऱ्याचा. या रस्त्यावर त्यानं कधी गाडी चालवली नव्हती. मी त्याला बाजूला घेतलं.

"दादा, ते पुढे चालणारे आहेत ना, ते माझे वडील."

"अच्छा! ताई, मला तर त्यांच्याच भरवशावर जायचंय. ते वळले की मी थांबणार. दुसरं काही मला दिसणारच नाही, इंजिनाचं नाक एवढं मोठं आहे."

"हो, पण त्यांना..."

तेवढ्यात बाबा आले. ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी बोलायला सुरुवात केली. वळण कुठे आहे, उतार कुठे आहे, कुठल्या दुकानाचा छज्जा पुढे आलाय. बोलता बोलता एकदा माझ्याकडे बघितलं. असं बघितलं, की मी बाजूला झाले. इंजिन सुरू झालं.

मी फूटपाथवरून चालत होते, बरोबर बाबांच्या रेषेत. काही झालं तर उडी मारून त्यांना ओढायचं असं ठरवलं होतं. साडी नेसले असते तर अडखळले असते, म्हणून मुद्दाम पायजमा घातला होता. बाबांच्या आणि इंजिनाच्या मध्ये एक खाट मावेल एवढंच अंतर. बाबा घंटा वाजवत ताठ चालत होते, एक पाऊल लहान नाही की मोठं नाही. दुकानदार पायऱ्यांवर आले होते. "घंटाकाका, जोरात!" असं कुणी म्हणालं. बाबांनी ऐकलं नाही, पण हसले. लोक हसताना दिसले की हसायचं, एवढं त्यांना पुरायचं.

चष्मेवाल्याच्या दारात एक मोटार रुळावर होती. बाबांनी टपावर टकटक केली. आतला माणूस फोनवर बोलत होता, त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं. इंजिन येतच होतं. बाबा वळले नाहीत. पुन्हा टकटक. त्या माणसानं काचेतून वर बघितलं, बाबांच्या डोक्यामागे इंजिन दिसलं आणि फोन मांडीत टाकून त्यानं मोटार अशी काही काढली, की चष्मेवाल्याची पाटीच पाडली. रस्ता हसला. मला रडू येत होतं.

पुढे बेकरीचं वळण. तिथे रुळांच्या खाचेत खडी आणि डांबर घट्ट बसलेलं होतं. खरवडून काढलंय असं साहेब म्हणाले होते, म्हणजे वरवर खरवडलं असणार. बाबा वळणावरून गेले. इंजिनाचं पुढचं चाक त्या खडीवर चढलं, क्षणभर वर राहिलं आणि धप्पकन खाली आलं, रुळाबाहेर. फार मोठा आवाज झाला नाही. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, सगळं करकरत थांबलं.

मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बाबा धड होते. मला वाटलं सुटलो, देवा!

आणि मग मला दिसलं, की बाबा चाललेच आहेत.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला, लांब. "काका! ओ काका!" घंटा वाजवत, झेंडी धरून, बाबा ताठ मानेनं पुढे निघाले होते. मागे काहीच नव्हतं. आणि पाय? त्या भरवशाच्या पायांना काहीच कसं कळलं नाही? मग माझ्याही तळव्यांना जाणवलं. स्टेशनच्या बाजूला रस्त्याच्या कामाचा रोलर चालू होता. जमीन हलत होती. तो हादरा त्यांनी आपल्या गाडीचा धरला होता.

बेकरीवाला म्हणाला, "अरे, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही की काय?"

ते एक वाक्य. आठवडाभर ज्याच्यासाठी मी तोंड शिवून घेतलं होतं, ते वाक्य बेकरीच्या दारातून निघालं आणि माझ्याही पुढे रस्त्यानं धावत गेलं.

मी धावले. त्यांच्यापासून हातभर अंतरावर पोचले आणि थांबले. खांद्याला हात लावला की ते वळणार. वळले की दोन्ही बाजूंना उभी ही सगळी माणसं आणि मोकळा रस्ता बघणार, ऐन मध्यावर. माझा हात वर झालेला तसाच राहिला. स्टेशनचं फाटक अजून बरंच लांब होतं. तिथे निदान गर्दी नव्हती. मी हात खाली घेतला आणि त्यांच्या मागे चालू लागले. चांगलं केलं की वाईट, ते अजून मला ठरवता येत नाही.

पुढची माणसं गाडी बघायला उभी होती. आधी घंटा ऐकू यायची, मग बाबा दिसायचे, मग ती माझ्या मागे माना लांब करून बघायची. एक पोरगेला स्कूटरवाला खो खो हसला. "काका, गाडी विसरलात वाटतं!"

"दात आत घे," मी म्हणाले, "नाहीतर घशात घालीन." त्यानं खरंच तोंड मिटलं.

फळवाल्याची हातगाडी रुळावर होती. त्यानं बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. काही न बोलता गाडी उचलून बाजूला घेतली, पुरती, खऱ्या आगगाडीला लागेल तेवढी. बाबांनी झेंडीनं त्याचे आभार मानले.

फाटकाशी पोचल्यावर पुढच्या माणसाचं काम संपतं. त्यानं डावीकडे व्हायचं, फिरायचं आणि गाडीला आत घ्यायचं. बाबा डावीकडे झाले. फिरले.

मी दिसले. माझ्या मागे रस्ता दिसला.

घंटा पोटाशी धरून ते बघत राहिले. मग एकदम मोठ्यानं म्हणाले, "कुणाला लागलं?"

मी मान हलवली. "नाही. चाक उतरलं. वळणावर."

त्यांनी ओठ वाचले. "बेकरीच्या वळणावर?"

"हो."

"म्हणजे तिथपासून मी एकटाच..."

मला खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. मी मान डोलावली.

"सगळ्यांनी बघितलं?"

"बाबा, मागच्या गल्लीनं घरी जाऊ. चला. मी घंटा घेते."

त्यांनी घंटा दिली नाही. फाटकाच्या दगडावर बसले. बुटांवर धूळ बसली होती, ती हातानं झटकली, पुन्हा झटकली. मला एवढा राग आला होता! साहेबांचा, रोलरचा, त्या बेकरीवाल्याचा. आणि बाबांचाही, का नाही येणार? पण त्या दगडावर बसलेला माझा बाप एवढा लहान दिसत होता, की राग कुणावर काढावा ते कळेना.

थोड्या वेळानं ते उठले. मागच्या गल्लीकडे नाही, ज्या रस्त्यानं आले त्याच रस्त्यानं निघाले. "गाडी रस्त्यात टाकून घरी जातात होय?" एवढंच बोलले.

आम्ही पोचलो तेव्हा जॅक लावून, लाकडाचे ठोकळे सरकवून माणसांनी चाक वर आणलं होतं. साहेबांचा चेहरा लालबुंद. बाबांना बघताच ते माझ्याकडे वळले. "ताई, यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं ना? उद्या काही झालं असतं तर कुणी निस्तरायचं? यांना घरी न्या. झेंडी माझा शिपाई धरेल."

साहेबांचं काय चुकलं होतं? माझंही भय तेच होतं.

बाबांनी साहेबांचे ओठ वाचले असणार. या वेळी त्यांनी बडबड सुरू केली नाही. रुळांच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "मला ऐकू येत नाही."

त्यांना वाटलं असेल हळू बोलतोय. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांपर्यंत ऐकू गेलं.

"गोदामात बसायला लागलो तेव्हापासून कमी कमी होत गेलं. आता काहीच येत नाही. लपवलं, ते चुकलं माझं. पण चालता येतं मला. ही माझी मुलगी. ही माझ्या मागे चालेल, पाठीवर हात ठेवून. हिनं दाबलं की मी थांबणार, वळणार. मग ड्रायव्हरसाहेब थांबतील. नियम मोडत नाही."

हे मला न विचारताच ठरलं होतं! मी तोंड उघडलं, पण साहेबच आधी बोलले. "असं कुठे असतं का? दोघंही इंजिनाखाली आलात तर?"

ड्रायव्हर इंजिनावरून खाली उतरला होता. "साहेब, तुमचा शिपाई या रस्त्यात कधी चाललाय?" शिपाई जमिनीकडे बघत होता. "तो बिचारा दर पावलाला मागे बघणार आणि मी दर पावलाला ब्रेक मारणार. हे काका नुसते चालले तरी रस्ता मोकळा झाला. मला चालेल." मग माझ्याकडे बघून जरा हळू म्हणाला, "ताई, पण तुम्हीसुद्धा वळायचं नाही हं. मला थांबायचं असलं की मी एक छोटा हॉर्न देईन. तेव्हा दाबा."

मी हो म्हणाले. रोज रात्री मी बाबांना इंजिनाखाली बघत होते, आता त्यांच्या आणि इंजिनाच्या मध्ये मी होते.

इंजिन हललं. मानेवर गरम हवा लागली, तेलाचा वास आला. एवढं जवळ असेल असं फूटपाथवरून वाटलं नव्हतं. मी उजवा तळहात बाबांच्या पाठीवर ठेवला, दोन खांद्यांच्या मधोमध. घंटा वाजायला लागली. आम्ही चाललो. वळण पार झालं, चाक उतरलं नाही. माझे कान मागे लागलेले होते, डोळे बाबांच्या उलटवलेल्या कॉलरवर. बेकरीवाला दारात होता, हातातलं फडकं पिळत. फळवाल्यानं हातगाडी अजून रुळावर आणलीच नव्हती.

माझ्या दुकानासमोर आलो तेव्हा मला कळलं, की तळहाताखालचा शर्ट ओलाचिंब आहे. ऊन नव्हतं. पाठ आतून थरथरत होती, पण पावलं तशीच पडत होती.

मान न वळवता बाबा बोलले. मला एकटीला सांगावं तसं, अगदी खाजगीतलं. पण आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला.

"पोरी, मला भीती वाटतेय गं. पूर्वी मागे आवाज असायचा."

कुणी हसलं नाही. माझे डोळे भरून आले. उत्तर दिलं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं. मी आहे एवढंच त्यांना सांगायचं होतं, म्हणून पाठीवरचा हात मी नकळत घट्ट दाबला.

बाबा जागच्या जागी थांबले. झेंडी वर करून वळले. मागे ब्रेक करकरले आणि ती सगळी गाडी माझ्या दुकानासमोर, काहीही कारण नसताना, उभी राहिली. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, ओठांवर काही येतंय का ते शोधत. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही. मागे अडकलेल्या मोटारींपैकी कुणीही दिला नाही.

मग मी डोळे पुसले, त्यांना खांद्याला धरून पुढे फिरवलं आणि हात पाठीवर हलकाच ठेवला. त्यांनी घंटा वाजवली.